पत्रपेटी : किल्ल्यावरच्या शाळेतला अनुराग कश्यप

मागच्या अंकात दिग्दर्शक अनुराग कश्यपच्या क्राइम सिनेमांवर दोन पानं लिहिली आणि मग जे झालं ते झालं, एवढी पत्रं या सदराला दिवाळी अंकानंतरसुद्धा येत नाहीत. निम्मी पत्रं शिव्या देणारी, म्हणजे कश्यपच्या सिनेमातल्या शिव्यांबद्दल मला शिव्या. तरी त्यातली काही खरंच चांगली होती, ती घेतो. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचीच छापत नाही, फक्त ग्वाल्हेरातला मोहल्ला.

प्रश्न : हा कश्यप आपल्या किल्ल्यावरच्या शाळेत शिकला असं माझा नातू सांगतो. खरं आहे का? आणि खरं असेल तर एवढ्या चांगल्या शाळेत शिकून माणूस असले घाणेरडे सिनेमे का काढतो? (एक आजोबा, दौलतगंज)

उत्तर : आजोबा, नातू बरोबर आहे. सिंधिया स्कूललाच होता, होस्टेलवर. जन्म गोरखपूरचा, १९७२ चा, वडील उत्तर प्रदेशच्या वीज खात्यात इंजिनियर, आधी डेहराडूनची शाळा, मग इथली. पुढे दिल्लीला हंसराज कॉलेजात झूलॉजी.

आता तुम्हाला मी काय सांगणार, तुमचं अख्खं आयुष्य इथल्या लष्कर भागात गेलं असेल, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की ही शाळा १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झाली आणि ती आहे थेट किल्ल्यावर. आम्ही खाली राहणारी पोरं, बाड्याच्या चौकात कचौरी खाताना मान वर केली की किल्ला दिसणार, आणि त्या भिंतीच्या पलीकडे कोण शिकतंय काय शिकतंय ह्याचा आम्हाला पत्ता नसायचा. आमच्यासाठी ते वेगळंच गाव. त्यामुळे मुंबईच्या चाळीतला, धारावीतला, धनबादच्या कोळशातला सिनेमा काढणारा माणूस त्या वरच्या गावातून आला हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही तुमच्यासारखाच चक्रावलो होतो.

घाणेरडे का, ह्याचं उत्तर 'सत्या'पासून द्यावं लागेल. १९९८ चा जुलै. मी तेव्हा कॉलेजात, लष्करातल्या एका टॉकीजमध्ये मॅटिनीला आम्ही चौघं गेलो होतो, पंखा बंद, मागच्या रांगेत मोरेनाची पोरं, आणि पडद्यावर भिकू म्हात्रे नावाचा गुंड. म्हात्रे! तोपर्यंत हिंदी पिक्चरमधला मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर गडी. आणि हा गुंड बायकोशी भांडतो, मित्रांबरोबर नाचतो, आपल्या गल्लीतला वाटतो. राम गोपाल वर्माने काढलेला तो सिनेमा सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप ह्या दोघांनी लिहिला होता आणि कश्यप तेव्हा पंचविशीत होता, फक्त पंचविशीत. त्याला वर्माकडे नेलं मनोज बाजपेयीने, जो स्वतःच भिकू झाला आणि ज्याला त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं.

तर आजोबा, घाण त्याने आणली नाही, तो फक्त झाडू मारल्याचं नाटक करत नाही, एवढंच. बाकी नातवाला ओरडू नका.

प्रश्न : 'पाँच' नावाचा त्याचा पहिला पिक्चर कुठेच का मिळत नाही? आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात तोच बेस्ट आहे पण खरंतर कुणी थिएटरमध्ये पाहिलेला नाही. (कॉलेजची मुलगी, थाटीपूर)

उत्तर : अगं, कुणीच पाहिला नाही थिएटरमध्ये, कारण तो थिएटरमध्ये कधी लागलाच नाही. आणि हा प्रश्न तू विचारलास म्हणून बरं झालं, कारण माझ्या मते कश्यपचं करिअर समजून घ्यायचं तर हिट-फ्लॉप बघून काही कळत नाही, सिनेमा तयार कधी झाला आणि लोकांना दिसला कधी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या, मग कळतं.

'पाँच'ची गोष्ट आधी. एका रॉक बँडची पोरं, चार मुलगे एक मुलगी, पैशासाठी अपहरणाचा खेळ करायला जातात आणि खेळाचा खून होतो, मग अजून खून. के के मेनन, आदित्य श्रीवास्तव, विजय मौर्य, जॉय फर्नांडिस आणि तेजस्विनी कोल्हापुरे. ह्याची मुळं पुण्यात आहेत, जोशी-अभ्यंकर खून खटल्यात. तुझ्या पिढीला हे नाव माहीत नसेल पण तुझ्या आजीला विचार, आणि विचारताना तिचा चेहरा बघ. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, आणि करणारे कोण, तर आर्ट कॉलेजचे विद्यार्थी! चारचौघांसारखी दिसणारी मुलं. आमची मावशी पुण्यात नारायण पेठेत, तिची पत्रं यायची ग्वाल्हेरला, तेव्हा कुठला फोन, तर त्या पत्रात घरातली खुशाली दोन ओळी आणि बाकी पानभर, की संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, बेल वाजली की आधी खिडकीतून बघतो, दुधवाल्यालाही दार उघडत नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आईने ती पत्रं जपून ठेवली होती आणि पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे रात्री कडी लावताना 'जक्कल येईल हं' (जक्कल म्हणजे त्या खुन्यांचा म्होरक्या) असं म्हणायची पद्धत होती, इथे, ग्वाल्हेरात, जिथे लोक डाकूंना घाबरायचे! त्या खुन्यांपैकी चौघांना १९८३ मध्ये येरवड्याला फाशी झाली.

म्हणजे बघ, जी भीती मराठी घरांनी पत्रातून एकमेकांना पाठवली तिच्यावरून एका गोरखपूरच्या मुलाने पहिला सिनेमा काढला. सेन्सॉरने तो अडवला, हिंसा, ड्रग्ज आणि एकही पात्र चांगलं नाही ही तक्रार. मग कट देऊन मार्ग निघाला तर निर्मात्याची पैशाची अडचण. राहिला तो राहिलाच. पुढे नेटवरून पोरांनी एकमेकांना दिला, तुमच्या ग्रुपनेही तसाच पाहिला असणार, मी काही विचारत नाही.

मग दुसरा, 'ब्लॅक फ्रायडे'. १९९३ च्या मुंबईच्या बॉम्बस्फोटांवर, हुसेन झैदींच्या पुस्तकावरून. २००४ मध्ये लोकार्नोच्या फेस्टिव्हलला दाखवला. इथे रिलीज व्हायच्या तोंडावर केस, खटल्याचा निकाल लागायचाय, सिनेमाने आरोपींवर परिणाम होईल, आणि मुंबई हायकोर्टाची बंदी. लागला कधी, तर फेब्रुवारी २००७. तिसरा 'गुलाल', त्याचं काम कित्येक वर्षं अडकत अडकत चाललं आणि तो आला मार्च २००९ मध्ये. म्हणजे पहिल्या काही वर्षांत तीन पिक्चर आणि तिन्ही डब्यात. दुसरा कुणी असता तर लग्नाचे व्हिडिओ काढायला लागला असता. हा लिहित राहिला, दुसऱ्यांसाठी डायलॉग, 'युवा', 'वॉटर', मिळेल ते.

पुढेही तेच. 'अग्ली' कान्सला २०१३ मध्ये, आपल्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये, कारण पडद्यावर कोणी सिगरेट ओढली की खाली जी धूम्रपानाची सूचना येते ती लावायला ह्याने नकार दिला आणि कोर्टात गेला. मला विचारशील तर ही भांडणं मला जरा जास्तच वाटली, अरे बाबा एक ओळ येऊ दे खाली, कोण वाचतंय. पण त्याला नाही पटलं. हरला, सूचना लागली, पिक्चर लागला. 'केनेडी' २०२३ ला कान्सच्या मिडनाइट स्क्रीनिंगला होता, त्याचीही इथे वाट बघण्यातच वर्षं गेली.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही 'वासेपूर'चं संगीत पियूष मिश्रांचं असं छापलंत. चूक आहे. ते स्नेहा खानवलकरचं आहे. मूळचे ग्वाल्हेरचे म्हणून सगळं पियूषजींना देऊन टाकायचं का? (संगीताचे एक मास्तर, शिंदे की छावनी)

उत्तर : चूक, मास्तर. कान पकडतो. 'गँग्ज ऑफ वासेपूर'चं संगीत स्नेहा खानवलकरचंच. पियूष मिश्रांनी त्यात नासिरचं काम केलंय, सगळी गोष्ट सांगणारा आवाज त्यांचाच, काही गाणी लिहिलीत आणि 'इक बगल' हे गाणं त्यांचं आहे, त्यातून माझ्या डोक्यात घोटाळा झाला. आणि हो, ग्वाल्हेरप्रेम नडलं हेही खरं. 'गुलाल'चं संगीत मात्र पूर्ण पियूष मिश्रांचं, तिथे तरी मला माफ करा.

पण मास्तर, तुम्ही रागाच्या भरात एक मुद्दा सोडलात. स्नेहा इंदौरची, आणि तिच्या आईच्या माहेरी ग्वाल्हेर घराण्याचं गाणं! आता ह्या मुलीने काय केलं, तर स्टुडिओत बसून बिहारी गाणं बनवण्याऐवजी टेप घेऊन गावोगाव हिंडली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून थेट त्रिनिदादला गेली, जिथे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी भोजपुरी मजूर जहाजाने नेले गेले, त्यांच्या नातवंड-पतवंडांचं चटणी म्युझिक शोधायला, आणि 'हंटर' गाणं तिथून आलं. कोळशाच्या माफियाचा सिनेमा आणि त्यात त्रिनिदादचा गायक, आणि मजा म्हणजे ते ऐकताना कुठेही उपरं वाटत नाही. तानसेन समारोहाला दरवर्षी पुढच्या रांगेत बसणाऱ्या तुमच्यासारख्यांनी तो अल्बम एकदा हेडफोन लावून ऐकावाच, शिव्या येतील तिथे आवाज कमी करा.

प्रश्न : सासूबाईंना 'वासेपूर' बघायचाय म्हणतात, टीव्हीवर नाव ऐकलंय. काय करू? (सूनबाई, मुरार)

उत्तर : दोन भाग मिळून पाच तासांच्या वर आहे आणि पहिल्या दहा मिनिटांतच गोळीबार. त्यांना 'उडान' लावून द्या, तो दिग्दर्शित केलाय विक्रमादित्य मोटवानेने पण लिहिण्यात कश्यप आहे आणि निर्मातासुद्धा. तरी हट्ट धरला तर लावा बिनधास्त. सासवा आपल्याला वाटतं त्याहून जास्त पचवतात, आयुष्य गेलंय त्यांचं मोठ्या कुटुंबात, सूड म्हणजे काय हे त्यांना सिनेमातल्या फैजल खानने शिकवायला नको.

प्रश्न : ह्याला 'इंडिपेंडेंट' का म्हणता? रणबीर कपूर, अनुष्का शर्मा, करण जोहर घेऊन 'बॉम्बे वेल्वेट' काढणारा माणूस इंडिपेंडेंट कसा? उगाच आपलं मीडियाने लावलेलं लेबल. (बँकेतला एक वाचक, नई सडक)

उत्तर : अर्धं पटलं. 'बॉम्बे वेल्वेट', मे २०१५, साठच्या दशकातली मुंबई, त्यासाठी श्रीलंकेत अख्खं शहर उभं केलं, एडिटिंगला थेल्मा स्कूनमेकर, म्हणजे हॉलिवूडच्या मार्टिन स्कोर्सेसीच्या सिनेमांची एडिटर, आणि एवढं सगळं असून आपटला, असा आपटला की आवाज आपल्या बाड्यापर्यंत आला. मी पहिल्या रविवारी गेलो होतो, हॉलमध्ये आम्ही अकरा जण, त्यातले तीन एसीसाठी. सुंदर दिसतो सिनेमा, खोटं कशाला बोला. पण त्यात कश्यप कुठे दिसत नाही, सेट दिसतो. कश्यपच्या चांगल्या सिनेमात भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागेल असं वाटतं, इथे रंग ओला होता फक्त.

आता पुढचं बघा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. त्याला रमण राघववर पीरियड फिल्म, म्हणजे त्या जुन्या काळातच घडणारी, काढायची होती. १९६० च्या दशकातला तो मुंबईचा खुनी, फुटपाथवर झोपलेल्यांना मारणारा, १९६८ ला पकडला. 'वेल्वेट' पडल्यावर पीरियडला पैसे कोण देणार? मग त्याने गोष्ट उचलून आजच्या मुंबईत आणली, सेटचा प्रश्नच मिटला, नवाजुद्दीन आणि विकी कौशलला घेऊन वीस-एक दिवसांत शूट संपवलं आणि 'रमण राघव २.०' दुसऱ्याच वर्षी कान्सला. आणि तुम्ही मला विचाराल तर 'वेल्वेट'पेक्षा कितीतरी वरचा. बँकेत आहात म्हणून तुमच्या भाषेत सांगतो, लोन लहान असलं की बँक मॅनेजर रोज दुकानात येऊन बसत नाही. पैसा कमी म्हणजे सांगणारे कमी, म्हणजे कात्री आपल्या हातात. इंडिपेंडेंटचा अर्थ मी तरी एवढाच लावतो, गरीब असणं नाही.

आणि एक बाजू लोक विसरतात, माणसं. नवाजुद्दीन 'ब्लॅक फ्रायडे'त छोट्याशा रोलमध्ये आहे, 'वासेपूर'मध्ये हीरो. विकी कौशल 'वासेपूर'च्या सेटवर असिस्टंट होता, नीरज घायवानही, आणि त्याच घायवानच्या 'मसान'मध्ये २०१५ ला विकी हीरो. फँटम नावाची कंपनी मोटवाने, विकास बहल आणि मधु मंटेना ह्यांच्याबरोबर २०११ ला काढली, २०१८ ला बंद झाली. हल्ली तो स्वतः ॲक्टिंगही बरीच करतो, तमिळ 'महाराजा'मधला व्हिलन पाहिला असेल तुम्ही, २०२४ चा. पाहिला नसेल तर पाहा, पण जेवणानंतर नको.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, मार्क चांगले आहेत, पण म्हणतो मुंबईला जाऊन डायरेक्टर होणार. अनुराग कश्यप पाच हजार रुपये घेऊन गेला होता असं मला ऐकवतो. ह्यांचा रक्तदाब वाढलाय. तुमच्या सदरामुळेच त्याच्या डोक्यात हे भरलंय, तेव्हा तुम्हीच काढा. (एक आई, कंपू)

उत्तर : ताई, आधी ह्यांना गोळी द्या. मग मुलाला समोर बसवा आणि हे वाचून दाखवा.

बाळा, पाच-सहा हजार घेऊन गेला हे खरं आहे, १९९३ मध्ये. पण त्याआधी त्याने बीएस्सी पूर्ण केलं होतं हे तू आईला सांगितलंस का? दिल्लीत जन नाट्य मंचबरोबर रस्त्यावर नाटकं केली होती, उन्हात, माइकशिवाय. तिथल्या फिल्म फेस्टिव्हलला दहा दिवसांत पंचावन्न सिनेमे पाहिले असं तो स्वतः सांगतो. पंचावन्न! तू रील्स सोडून सलग एक सिनेमा मोबाइल न बघता कधी पाहिलास? मुंबईला गेल्यावर पैसे संपले, रस्त्यावर झोपला, पृथ्वी थिएटरला पडेल ते काम केलं, आणि 'सत्या' यायला पाच वर्षं लागली. आणि 'सत्या' येऊनही पुढचा स्वतःचा सिनेमा थिएटरमध्ये दिसायला अजून जवळपास नऊ. जोड, चौदा होतात. चौदा वर्षं. आपल्याकडे तेवढ्यात रामायण होतं.

ताई, तुम्हाला वेगळं सांगतो, हे त्याला वाचून दाखवू नका. त्याला थांबवू नका पण तिकीटही काढून देऊ नका. इथेच आधी काहीतरी करू दे, फोनवर दहा मिनिटांची फिल्म, ग्वाल्हेरात लोकेशनला काय तोटा आहे, हजिऱ्याची बंद गिरणी आहे, छत्र्या आहेत, स्टेशनबाहेरची रात्र आहे. रस्त्यावर शूट करायचं तर प्रशासनाची परवानगी काढायला त्यालाच पाठवा, अर्ज लिहू दे, तीन चकरा मारू दे. तिसऱ्या चकरेनंतरही डायरेक्टर व्हायचं म्हणत असेल तर मला कळवा, मग ह्यांच्याशी मी बोलतो. आणि एक विनंती, चंबळचे डाकू नको म्हणावं, ते खूप झाले.

प्रश्न : एकच बघायचा असेल तर? (पोस्टकार्ड, नाव-पत्ता नाही, आजकाल पोस्टकार्ड कोण पाठवतं!)

उत्तर : 'ब्लॅक फ्रायडे'. आणि त्यातही वेळ नसेल तर झोपडपट्टीतला तो पाठलाग. पोलिस एका आरोपीच्या मागे लागतात, गल्ल्या, पत्रे, गटारं, आणि दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये दीड मिनिटात हीरोने झेप घेऊन पकडला असता, इथे पळणं संपतच नाही. डॅनी बॉयलने 'स्लमडॉग मिलियनेर' काढताना ह्या सीनचा प्रभाव असल्याचं सांगितलंय. आधी तुम्हाला टेन्शन येतं, मग हसू येतं, मग हसल्याची लाज वाटायला लागते, कारण पळणाऱ्याचा दम गेलाय, मागच्यांचाही गेलाय, पोलिसांची पोटं सुटलेली, हवालदार गुडघ्यावर हात टेकून वाकलाय, आवाज देतोय पण त्या आवाजात दरारा राहिलेला नाही, नुसती विनवणी उरलीय, की बाबा थांब ना आता, आणि तरी दोघंही चालतायत, आता पळत नाहीत, चालतायत.